जुनें घर विकत घेण्यापूर्वीं करावयाची पाहणी

शेतकरी बैल विकत घेतो तेव्हां त्याचे दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि जमल्यास आदल्या मालकाच्या शेजाऱ्यास बाजूस घेऊन दोन गोष्टी विचारतोहि. जमीन घेतांना तो बांध फिरतो आणि विहिरीचें पाणी जिभेवर घेऊन पाहतो. तोच शेतकरी जुनें घर किंवा वाड्याचा भाग घेतांना मात्र ओसरीवर बसून चहा घेतो, दारावरील कोरीव गणेशपट्टी न्याहाळतो, खण मोजतो, आणि तासाभरांत किंमत ठरवून मोकळा होतो. बैल फसवा निघाला तर एक हंगाम जातो. घर फसवें निघालें तर वर्षानुवर्षें कोर्टकचेरी पाठीस लागते, आणि क्वचित् प्रसंगीं माणसेंहि त्याखालीं सांपडतात. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलानें विचार करणें अवश्य आहे.

कायदाहि घेणाऱ्याच्या गैरसावधपणास फारसा आश्रय देत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांतील ५५ व्या कलमानें विकणाऱ्यावर असें बंधन घातलें आहे कीं, मिळकतींतील किंवा तिच्या मालकीहक्कांतील जो महत्त्वाचा दोष त्यास ठाऊक आहे, आणि जो घेणाऱ्यास ठाऊक नाहीं व सामान्य काळजीनें कळून येण्याजोगा नाहीं, तो त्यानें सांगितला पाहिजे. या वाक्याची उलट बाजू ध्यानांत घ्यावी. जो दोष सामान्य काळजीनें दिसला असता, तो पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. फुगलेली भिंत, वाळवीनें पोखरलेली तुळई, शेजाऱ्याचें परसांत उघडणारें दार, या गोष्टी डोळ्यांसमोर असतांना “मला कुणी सांगितलें नाहीं” ही तक्रार टिकत नाहीं.

पाहणी दोन प्रकारची आहे. एक जागेची व हक्काची, दुसरी बांधकामाची. लोक बहुधा दुसरीपासून आरंभ करतात. आमच्या मतें पहिली आधीं करावी. कारण पडकी भिंत पैशानें उभी राहते, पण अपुरा हक्क पैशानें पुरा होईलच असें नाहीं.

जागा किती, व कोणाची

खेड्यांतील घराच्या जागेचा नकाशा अनेकदां मिळत नाहीं, याचें कारण जुनें आहे. मुंबई इलाख्यांत १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जी मोजणी चालू केली, तिचा हेतु शेतसारा ठरविणें हा होता. सारा काळीवर, म्हणजे शेतावर बसे. पांढरीवर, म्हणजे गांवठाणावर बसत नसे. त्यामुळें काळींतील प्रत्येक क्षेत्रास नंबर, हद्दीचे दगड व नकाशा मिळाला, आणि पांढर मात्र नकाशावर एकाच सलग तुकड्यासारखी राहिली. तिच्या आंत कोणाचें घर कोठें संपतें हें गांवकऱ्यांच्या स्मरणावर व वहिवाटीवर अवलंबून राहिलें. पुढें शहरांची व मोठ्या गांवांची नगर भूमापनाखालीं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या. लहान गांवें तशींच राहिलीं.

अशा गांवांत विकणारा बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुढें करतो. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. अमुक घराची पट्टी अमुक माणसाच्या नांवानें आकारली जाते, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. तो माणूस मालक आहे हें सिद्ध होत नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावरील किंवा फेरफाराच्या नोंदीबद्दलहि न्यायालयें हेंच सांगत आलीं आहेत कीं, महसुली नोंद हा मालकीचा दाखला नव्हे. म्हणून नमुना ८ पाहावा, पण त्यावर थांबूं नये. मालकी कशी आली, खरेदीखतानें, वाटणीपत्रानें, बक्षीसपत्रानें कीं वारसानें, याची सांखळी मागत जावें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सूची क्रमांक दोनचा शोध घेतां येतो. तो वकिलाकडून निदान तीस वर्षांचा घ्यावा. मूळ दस्तऐवज विकणाऱ्याच्या हातांत आहेत कीं नाहींत हें मुद्दाम पाहावें. “कागद जुने होते, उंदरांनीं खाल्ले” हें उत्तर खरेंहि असूं शकेल. परंतु कांहीं गांवीं मूळ कागद सावकाराकडे किंवा बँकेंत ठेवून कर्ज काढण्याची सोय कायद्यानें आहे, आणि असें गहाण कागद दुसऱ्याच्या हवालीं केल्यानेंच होतें, हेंहि लक्षांत असूं द्यावें.

गांवठाणांतील मिळकतींची आकाशांतून ड्रोन यंत्रानें छायाचित्रें घेऊन मोजणी करण्याची केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झाली. ज्या गांवीं ही मोजणी पुरी होऊन मिळकत पत्रिका व सनद मिळाली आहे, तेथें घेणाऱ्याचें काम पुष्कळ सोपें झालें आहे. पण संपलेलें नाहीं. पत्रिकेवरील क्षेत्र व प्रत्यक्ष ताब्यांतील क्षेत्र हीं दोन्ही पडताळून पाहावीं. समजा, जुन्या खतांत “आठ खण घर व मागील परस” एवढाच मजकूर आहे. खण हें कांहीं ठरीव माप नव्हे. दोन खांबांमधील अंतर सुतारानें जसें धरलें तसा खण. आपण फीत लावून पाहिलें, तेव्हां दर्शनी बाजू २४ फूट व खोली ६२ फूट भरली, म्हणजे १४८८ चौरस फूट, अथवा सुमारें १३८ चौरस मीटर. पत्रिकेवर मात्र १२१ चौरस मीटर आहेत. फरक १७ चौरस मीटरांचा, म्हणजे घराच्या पूर्ण रुंदीची साडेसात फुटांची पट्टी. विकणारा १४८८ फुटांची किंमत सांगत आहे. पण ही पट्टी कोणाची? न्हाणी व शौचकूप बहुधा याच पट्टींत असतात. ती गांवठाणांतील सरकारी मोकळी जागा असेल, शेजाऱ्याची असेल, किंवा मोजणींत चूक झाली असेल. यांतील खरें काय हें खरेदीपूर्वीं ठरलें पाहिजे, आणि तें ठरेपर्यंत किंमत १२१ मीटरांचीच धरावी.

घर गांवठाणाबाहेर, शेतांत असेल, तर सात-बारा पाहणें आलेंच. भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून हस्तांतर करतां येत नाहीं. ‘इतर हक्क’ या सदरांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का तें वाचावें. हद्दीबद्दल किंचितहि संशय असल्यास भूमि अभिलेखाच्या उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज विकणाऱ्याकडूनच करवावा, शेजाऱ्यांना नोटिसा जाऊं द्याव्या, आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातीं आल्यावर पुढें जावें. मोजणीच्या दिवशीं स्वतः हजर राहावें. खुणा कोठें केल्या हें पाहिलेला माणूस व नुसता नकाशा पाहिलेला माणूस, यांत फार अंतर आहे.

वाड्याचा हिस्सा घेणें

या ठिकाणीं अधिक थांबणें जरूर आहे, कारण सर्वांत जास्त फसगत येथेंच होते. चार भावांचा वाडा असतो. तिघे पुण्यामुंबईस असतात. चौथा म्हणतो, “माझा पूर्वेकडील सोपा व माडी तुम्ही घ्या.” किंमत स्वस्त असते. पण वाडा जर एकत्र कुटुंबाचा व अविभक्त असेल, तर वर सांगितलेल्या कायद्याचें ४४ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, कुटुंबाबाहेरील माणसानें राहत्या घरांतील अविभक्त हिस्सा विकत घेतला तरी त्यास त्या घराचा सामाईक ताबा किंवा वापर मागण्याचा अधिकार नाहीं. त्यास वाटणीचा दावा लावावा लागतो. तो लावला कीं १८९३ च्या वाटणीच्या कायद्याचें चौथें कलम पुढें येतें: कुटुंबांतील कोणीहि भागीदार तो हिस्सा विकत घेण्यास तयार झाला, तर न्यायालय किंमत ठरवून तो हिस्सा त्यास देवविते. म्हणजे ज्याला आपण पूर्वेचा सोपा समजून पैसे मोजले, तो आपणांस मिळेलच असें नाहीं. वर्षें मोडल्यावर पैसे परत मिळतील एवढेंच. “पूर्वेकडील” हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडांत असून उपयोग नाहीं. तो नोंदलेल्या वाटणीपत्रांत किंवा हुकूमनाम्यांत असला पाहिजे.

दुसरी गोष्ट बहिणींची. पुष्कळ वृद्ध मंडळी अजूनहि “मुलींचें लग्न झालें, त्यांचा काय संबंध” असें बोलतात. संबंध आहे. महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें, व सर्व देशांत ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें, हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलगी ही मुलाप्रमाणेंच जन्मानें सहदायाद झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, २००५ सालीं वडील हयात असले काय किंवा नसले काय, मुलीच्या या हक्कास बाध येत नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदलेल्या दस्तानें किंवा न्यायालयाच्या हुकुमानें झालेली वाटणी तेवढी अबाधित राहते. १९५६ च्या मूळ वारसा कायद्यांत राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्री वारसांना जी मनाई होती, तीहि २००५ सालीं रद्द झाली. तेव्हां विकणाऱ्याची वंशावळ कागदावर मांडावी, आणि मुली, मयत मुलींचीं मुलें, विधवा, सर्वांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्या. एखादी बहीण नागपुरास आहे, येऊं शकत नाहीं, म्हणून “नंतर सही देईल” हें कबूल करूं नये. तिच्या सहीसाठीं आपणच गाडीभाडें द्यावें. पुढें वकिलास द्यावें लागेल त्याच्या मानानें तें कांहींच नाहीं.

घरांत विकणाऱ्याखेरीज कोण राहतें, हेंहि पाहावें. मागच्या खोलींत एखादी वृद्ध काकू असते, पडवींत जुना गडी असतो, रस्त्याकडील खोलींत दुकान असतें. ते कोणत्या हक्कानें राहतात हें त्यांनाच विचारावें. कायदा असें धरून चालतो कीं, ताब्यांतील माणसाचा जो हक्क असेल त्याची खबर घेणाऱ्यास होतीच.

वहिवाटीचे हक्क हा तिसरा भाग. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें, शांततेनें व अखंड, हक्क म्हणून उपभोगलेला रस्ता, उजेड, वारा किंवा पाण्याचा मार्ग हा हक्क बनूं शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या वळचणीचें पाणी आपल्या चौकांत पडतें का, त्याची मोरी आपल्या परसांतून जाते का, आडावर दुसऱ्या घरच्या बायकांची वाट आहे का, मधली भिंत सामाईक कीं एकाची, या गोष्टी शेजाऱ्यांना भेटून विचाराव्या. सामाईक भिंतीवर दोन्ही घरांच्या कड्या टेकलेल्या असतात. आपण आपली बाजू उतरून बांधूं म्हटलें तर दुसऱ्याचें छप्पर अधांतरी राहतें. शेजाऱ्याकडे एक संध्याकाळ काढली तर जें कळतें, तें कोणत्याहि उताऱ्यांत लिहिलेलें नसतें.

बांधकामाची पाहणी

घर एकदां उन्हाळ्यांत व एकदां भर पावसाळ्यांत पाहतां आलें तर उत्तम. एकदांच पाहणें शक्य असेल तर पावसाळा निवडावा. नुकतीच रंगसफेती झालेलें घर दिसल्यास विकणाऱ्याच्या टापटिपीचें कौतुक करावें, आणि रंग फक्त कोणत्या भिंतीस दिला आहे तें बारकाईनें पाहावें.

आरंभ जोत्यापासून करावा. जुनी पांढर ही बहुधा उंचवट्यावर व घट्ट मातीवर वसलेली असते, म्हणून तिजवरील घरें खचण्याचा संभव कमी. गांव वाढल्यावर काळ्या चिकण जमिनीवर जीं घरें झालीं, त्यांची गोष्ट वेगळी. काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावरील उथळ पाया दरवर्षीं थोडा वर-खालीं होतो. अशा घरांत दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात. त्या मे महिन्यांत रुंद व ऑगस्टांत बारीक दिसतात. पावसाळ्यांत पाहणाऱ्यास त्या किरकोळ वाटतील, हा मात्र पावसाळ्याचा दोष.

भेग जुनी कीं नवी हें ओळखावें. आंत धूळ, कोळिष्टकें, जुन्या चुन्याचे थर असले, तर ती बहुधा जुनी. कडा स्वच्छ व धारदार असल्या तर ताजी. वेळ हातीं असेल तर भेगेवर आडवी कांचेची पट्टी दोन्ही टोकांस गिलाव्यानें घट्ट बसवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली कीं भिंत हालत आहे असें समजावें. दोन भिंती जेथें काटकोनांत मिळतात त्या कोपऱ्यांतील उभी भेग ही अधिक गंभीर. तिचा अर्थ भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. पायाजवळ न्हाणीचें पाणी मुरतें का, मोठा पिंपळ किंवा वड भिंतींत रुजला आहे का, हें सहज दिसतें. सोलापुराकडे व मराठवाड्यांत जुन्या घरांत किंवा त्यांच्या अंगणांत धान्याचीं पेंवें असतात. विसरलेल्या पेंवावर फरशी घातली तर ती एक दिवस बसते. जमिनीवर कांबीनें ठोकीत जावें, पोकळ आवाज आला तर विचारावें. पेंव उघडल्यास लगेच कोणास उतरूं देऊं नये. आंतील कोंडलेल्या हवेनें माणूस गुदमरून मरतो.

दगडी भिंत पाहून लोक निश्चिंत होतात. या निश्चिंतपणाची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांनीं दिली. किल्लारीचा तो भूकंप फार मोठ्या मापाचा नव्हता. सहाच्या किंचित् वर. परंतु गणपति विसर्जन करून लोक झोंपीं गेले होते, आणि हजारों माणसें स्वतःच्याच घराखालीं गाडलीं गेलीं. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या होत्या. मग त्या पडल्या कां? कारण त्या जाड दिसत असल्या तरी एकसंध नव्हत्या. बाहेरून एक दगडी पडदी, आंतून दुसरी, मधें माती व बारीक दगडांची भर, आणि दोन्ही पडद्यांना जोडणारे आरपार दगड नाहींत. सर्व जोडकाम मातीचें. हादरा बसतांच बाहेरची पडदी बाहेर व आंतली आंत कोसळली. वर माळवदाचें ओझें होतेंच. ज्या कांहीं घरांत माळवद भिंतींवर नसून लांकडी खांबांवर पेललेलें होतें, तेथें भिंती पडूनहि छप्पर उभें राहिलेलें लोकांनीं पाहिलें.

म्हणून दगडी भिंतीच्या बाबतींत तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, भिंतीला पोट सुटलें आहे का. डोळा भिंतीलगत लावून लांबवर पाहिल्यास फुगवटा कळतो. ओळंबा सोडल्यास मोजतांहि येतो. दहा फूट उंचीच्या भिंतींत एखाद्या इंचाचा फरक मूळ गवंड्याच्या हाताचाहि असूं शकेल. पण मधोमध फुगून वर पुन्हां आंत आलेली भिंत ही दोन पडद्या सुटल्याची खूण होय. अशा भिंतीवर नुसता गिलावा करून चालत नाहीं. ती उतरावीच लागते. दुसरी, आरपार दगड आहेत का. पडक्या भागांत, खिडकीच्या बगलेंत किंवा कोनाड्यांत भिंतीचें पोट दिसतें तेथें पाहावें. कमकुवत जोडकामाच्या इमारतींसाठीं भारतीय मानक संस्थेनें १९९३ सालींच जीं मार्गदर्शक सूत्रें दिलीं, त्यांत असे दगड उंचींत दर दोन फुटांवर व लांबींत दर चार फुटांवर असावे असें सांगितलें आहे. जुन्या भिंतींत ते नसल्यास मागाहून भोंकें पाडून सळई व काँक्रीट भरून सांधे करतां येतात; हें काम किल्लारीनंतर मराठवाड्यांत करून दाखविलेलें आहे. तिसरी, छपराचें वजन कशावर आहे, भिंतीवर कीं खांबांवर.

या तिसऱ्या गोष्टीचा हिशेब प्रत्येकानें स्वतः करावा. दहा फूट रुंद व वीस फूट लांब अशा सोप्यावर दीड फूट जाडीचें माळवद आहे असें धरूं. माती ३०० घनफूट झाली, म्हणजे तीन ब्रास. एका घनफुटास सुमारें ४५ किलो वजन धरलें तर तेरा-साडेतेरा टन. भरलेला ट्रक डोक्यावर उभा करून आपण खालीं झोंपतों असें म्हणावयास हरकत नाहीं. पावसांत भिजल्यावर यांत आणखी दोनेक टनांची भर पडते. मूळ बांधणाऱ्यानें एवढी माती घातलेली नसते. गळती लागली कीं दर उन्हाळ्यांत वर नवा थर टाकावयाचा, जुना काढावयाचा नाहीं, अशी रीत पडली, आणि तीन पिढ्यांत एका फुटाचे दोन फूट झाले. घर घेण्यापूर्वीं माळवदावर चढून धारें किंवा पन्हळ यांपाशीं थराची जाडी मोजावी. कांठाच्या विटा किती वेळां वर चढविल्या हें तेथें सांपडतें. माती उतरवून हलकें छप्पर घालण्याचा खर्च किंमतींतून वजा मागावा. धाब्याचें घर उन्हाळ्यांत थंड असतें हें खरें. पण थंडाव्यासाठीं एवढें ओझें लागत नाहीं.

लांकडाची परीक्षा टोकांवर करावी. तुळईचा मधला भाग वर्षानुवर्षें वाऱ्यावर राहून टणक असतो. सडतें तें भिंतींत गेलेलें टोंक, कारण तेथें ओल जाते व वारा जात नाहीं. खांबाचें बूडहि तसेंच; तळखडा जमिनीच्या वर आहे कीं नंतरच्या फरशींत बुडाला आहे, तें पाहावें. सुताराची पटाशी किंवा जाड टोंचणी दाबून पाहिली तर चांगल्या सागांत ती क्वचित् एक-दोन सूत जाते. पोखरलेल्या लांकडांत मुठीपर्यंत जाते. हातोडीनें ठोकल्यास निरोगी लांकूड खणखणीत वाजतें, पोकळ लांकूड भद्द वाजतें. वाळवीच्या मातीच्या बारीक वाटा जोत्यावरून व खांबांच्या मागून चढलेल्या असतात. त्या कोरड्या असल्या म्हणून वाळवी गेली असें मानूं नये. एक वाट मोडून आठ दिवसांनीं पुन्हां पाहावी. बळदाच्या आंतील बाजू व माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांतील कड्या, या जागा विजेरी घेऊन अवश्य पाहाव्या. विकणाऱ्यानें तेथें कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या असतील तर त्या काढावयास सांगाव्या. कडीपाट सागाचा आहे म्हणून किंमत वाढवून मागितली जाते. ती मागणी गैर नाहीं. फक्त जितकें लांकूड निरोगी निघालें तितक्यापुरतीच मान्य करावी.

ओल हा जुन्या मातीच्या घराचा दमा आहे. जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत भिंतीस लोणा लागून माती झडते. त्यावर उपाय म्हणून हल्लीं सर्रास सिमेंटचा गिलावा मारतात. बाहेरून घर नवें दिसतें, पण भिंतींत चढलेली ओल बाहेर पडण्यास वाव न राहिल्यामुळें ती आणखी वर चढते व आंतील माती सुटी होते. गिलाव्यावर बोटांनीं वाजवावें. डब डब आवाज आला कीं तो भिंतीपासून सुटलेला आहे. माती व चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा मानवतो. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या घरांत वरील पुष्कळ गोष्टी लागू नाहींत. तेथें वासे, रिपा व कौलें यांकडेच अधिक लक्ष द्यावें.

विजेच्या जुन्या तारा, आडाचें पाणी व शौचकूप यांविषयीं थोडक्यांत सांगतों. लांकडी पट्ट्यांवरील जुन्या तारा असल्यास सर्व बदलण्याचा खर्च गृहीत धरावा. आड व शौचकूप यांत निदान पन्नास फुटांचें अंतर असावें. तें नसेल तर आडाचें पाणी पिण्याचें नाहीं असें समजावें. नदीकांठच्या गांवीं, विशेषतः कृष्णा व पंचगंगेच्या कांठीं, २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत पाणी घरांत किती फूट चढलें होतें हें शेजारच्या भिंतीवरील डागांवरून व माणसांकडून काढावें. पाण्यांत दोन दिवस उभी राहिलेली मातीची भिंत वाळल्यावर पूर्वीसारखी राहत नाहीं.

पाहणी कोणाकडून करवावी

गांवचा जाणता गवंडी, सुतार आणि तालुक्याचा एखादा परवानाधारक अभियंता, असे तिघे मिळाल्यास पाहणी पुरी होते. दलालानें सुचविलेला किंवा विकणाऱ्याच्या घरीं नेहमीं काम करणारा माणूस घेऊं नये. ज्याला पुढें दुरुस्तीचें काम मिळण्याची आशा आहे, तो दोष वाढवून सांगण्याचा संभव असतो, हीहि बाजू आहे. म्हणून पाहणीची मजुरी आधींच रोख द्यावी आणि दुरुस्तीचा शब्द कोणास देऊं नये. तोंडीं मत घेऊं नये. कोणती भिंत उतरावी लागेल, किती घनफूट माती काढावी लागेल, किती तुळया बदलाव्या लागतील, हें मापांसह कागदावर लिहून घ्यावें. त्या मापांवर आपल्या गांवचे दर लावले म्हणजे दुरुस्तीचा आंकडा निघतो, आणि घासाघीस करण्यास तो आंकडा शंभर शब्दांपेक्षां अधिक उपयोगीं पडतो.

इसार या सर्वांनंतर द्यावा. आधीं देणें भागच असेल तर थोडा द्यावा, आणि साठेखतांत स्पष्ट लिहावें कीं, मोजणींत क्षेत्र अमुक भरलें नाहीं, सर्व वारसांच्या सह्या अमुक मुदतींत मिळाल्या नाहींत, किंवा शोधांत बोजा निघाला, तर इसार परत करावा. साठेखत नोंदवूनच घ्यावें. खरेदीच्या तारखेपर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी व वीज बिल विकणाऱ्यानें भरून पावत्या द्याव्या. चतुःसीमा लिहितांना “पूर्वेस रस्ता” एवढें न लिहितां, रस्ता कोणाचा, भिंत कोणाची, वळचणीचें पाणी कोणीकडे, हें फुटांच्या मापांसह लिहावें, व मोजणीचा नकाशा खतास जोडावा. नोंदणी झाल्यावर किल्ली घेऊन स्वस्थ बसूं नये; त्याच आठवड्यांत ग्रामपंचायतींत नमुना ८ वरील नांव बदलण्याचा, आणि मिळकत पत्रिका असल्यास भूमि अभिलेखाच्या कचेरींत फेरफाराचा अर्ज देऊन पोंच घ्यावी.